रद्दीचा लगदा ते साबणाचा खोका: घरगुती हातकागदाच्या पॅकिंगची कृती

साबण, मेणबत्त्या, पणत्या, अगरबत्ती, दागिने असा माल घरून विकणाऱ्यांना खोके, पट्ट्या आणि टॅग लागतात. हे सगळं रद्दीपासून हाताने बनवता येतं आणि त्यासाठी कारखाना लागत नाही. लागतो तो एक टब, जाळीचा साचा, मिक्सर, मांजरपाट आणि दाब देणारं काहीतरी. नवशिके लोक साधारणपणे सजावटीपासून सुरुवात करतात: फुलांच्या पाकळ्या, बिया, हळदीचा रंग. मग तो सुंदर कागद घडी घातली की चिरतो. खोक्याला आधी ताकद लागते. ती लांब धाग्याच्या कच्च्या मालातून आणि कागद ओला असताना दिलेल्या दाबातून येते, म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

रद्दी निवडताना

कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंची गुंतवळ. प्रत्येक वेळी लगदा होताना हे तंतू तुटून आखूड होतात आणि पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात फारसा दम उरत नाही. त्यामुळे रद्दी जितकी कमी वेळा फिरलेली, तितकी चांगली. ओळखायची सोपी रीत अशी की तुकडा फाडून फाटलेली कड उजेडात धरायची. कडेला केसांसारखे लांब धागे दिसले तर माल घ्यावा. कड भुसभुशीत दिसली आणि बोटाला पूड लागली तर तो भरतीचा माल.

ऑफिसातले एका बाजूने छापलेले ए-फोर कागद आणि वह्यांची पानं हा पांढऱ्या कागदाचा पाया. जाड तपकिरी क्राफ्टचे पुठ्ठ्याचे खोके, विशेषतः जड माल येतो ते, ताकदीसाठी. वर्तमानपत्राचे तंतू आखूड असतात. लाकूड नुसतं दळून केलेला तो कागद लाकडातल्या लिग्निन या घटकामुळे उन्हात पिवळा पडतो आणि शाईमुळे लगदा करडा होतो. एकूण मालाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त तो घालू नका. चकचकीत मासिकांत मातीचा लेप असतो, वजन भरतं पण ताकद मिळत नाही. दुकानातल्या मशीनची गुळगुळीत बिलं थर्मल कागदाची असतात. त्यांच्यावर बहुधा बिस्फेनॉल जातीची, आरोग्याला अपायकारक मानली जाणारी रसायनं असतात, म्हणून ती बाहेर. मेणाचे किंवा प्लास्टिकचं अस्तर असलेले चहाचे कप, टेट्रापॅक, लॅमिनेटेड निमंत्रणपत्रिका यांचा मिक्सरमध्ये लगदा होत नाही, नुसते पापुद्रे तरंगत राहतात.

होजिअरीची सुती कातरण मिळाली तर त्यापेक्षा सरस कच्चा माल नाही. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा कागदही सुती चिंध्यांचाच. पण चिंध्या घरच्या मिक्सरला दाद देत नाहीत, पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते. त्यासाठी हॉलंडर बीटर हवा: लांबट हौदात फिरणारं पात्यांचं चाक, जे कापडाचे तंतू कापण्यापेक्षा चेचून मोकळे करतं. ज्यांना पुढे मोठ्या प्रमाणावर काम करायचं आहे त्यांनी बीटर विकत घेण्याआधी एखाद्या चालू केंद्रात तो चालताना बघावा. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची जयपूरजवळ सांगानेरला हातकागदाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे प्रशिक्षणही मिळतं.

पिना, सेलोटेप, पाकिटांच्या प्लास्टिकच्या खिडक्या, वहीच्या पाठीवरचा डिंक हे सगळं आता काढायचं. कंटाळवाणं काम आहे, पण राहिलेली एक पीन पुढे कागदावर गंजाचा डाग देते आणि मिक्सरचं पातंही खराब करते.

भिजवणं आणि लगदा

कागद कापू नका, फाडा. फाटलेल्या कडेतून पाणी लवकर शिरतं आणि तंतू अखंड राहतात. साधारण २ सेंमीचे तुकडे पुरे. ऑफिसचा कागद रात्रभर भिजवावा, पुठ्ठ्याला २४ तास द्यावेत. पुठ्ठ्याच्या थरांमध्ये स्टार्चचा गोंद असतो, तो उन्हाळ्यात लवकर आंबतो. म्हणून २४ तासांनी पाणी बदला आणि दोन दिवसांच्या पुढे भिजत ठेवू नका. एकदा लगद्याला वास लागला की तो वाळलेल्या कागदातही राहतो आणि साबणाच्या खोक्याला आंबूस वास कोणी खपवून घेत नाही. भिजवूनही थर सुटेनात तर तो पुठ्ठा ओलाव्यात टिकण्यासाठी प्रक्रिया केलेला आहे असं समजून बाजूला ठेवा.

१ लिटरच्या भांड्यात ७०० मिली पाणी आणि २० ग्रॅम कागद (हे कोरडं वजन) घ्या. थांबून थांबून एकूण ३० ते ४० सेकंद फिरवा. जास्त फिरवलं की लगदा मऊ लोण्यासारखा दिसतो आणि बघायला छान वाटतो, पण तंतू तुकडे तुकडे झालेले असतात, पाणी निथळायला वेळ लागतो आणि कागद ठिसूळ होतो. बेताचा झाला का ते बघायला चमचाभर लगदा काचेच्या ग्लासातल्या पाण्यात ढवळा आणि उजेडासमोर धरा. ढगासारखं एकसारखं पसरलेलं दिसलं तर झालं. गुठळ्या दिसल्या तर अजून पाच सेकंद. या कामाचा मिक्सर स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

लेझर प्रिंटरची शाई म्हणजे प्लास्टिकची पूड, ती विरघळत नाही आणि कागदात तिळासारखे काळे ठिपके राहतात. भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब घालून लगदा कापडात दोन-तीनदा धुतला की ठिपके कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत. ब्लीच मात्र वापरू नका, तंतू कमजोर होतात आणि ते पाणी कुठे ओतायचं हा नवा प्रश्न उभा राहतो. रीसायकल कागदाला ठिपके असणारच, गिऱ्हाईकाला ते आधीच सांगून ठेवावं.

खोक्यासाठी चालणारं मिश्रण: ६० टक्के क्राफ्ट पुठ्ठा, ४० टक्के ऑफिसचा कागद. नुसत्या ऑफिसच्या कागदाचा जाड कागद दिसायला देखणा, पण घडीवर फुटतो.

साचा आणि टब

साच्याचे दोन भाग. खालच्या चौकटीवर ताणून बसवलेली जाळी, आणि तिच्यावर सुटी ठेवायची दुसरी रिकामी चौकट, जी कागदाची कड ठरवते. आतलं माप २१ × २९.७ सेंमी ठेवलं की ए-फोर कागद मिळतो. लाकूड सागाचं घ्या, दुसरं लाकूड पाण्यात वाकतं. जाळी ४० मेशची (म्हणजे एका इंचात ४० छिद्रं), पितळी किंवा स्टेनलेस. शिकण्यापुरती मच्छरजाळी चालते, पण तिच्यातून बारीक तंतू निसटून जातात. जाळीखाली दर ३ सेंमीवर लाकडी पट्टी हवी. ती नसली की ओल्या लगद्याच्या वजनाने जाळी मध्ये झोळते आणि कागद मधे जाड, कडेला पातळ येतो. खिळे आणि पिनाही स्टेनलेसच्याच.

वरच्या चौकटीची उंची २.५ सेंमी ठेवा. त्यामागचा हिशोब समजून घेतला तर पुढे अंदाजपंचे काम होत नाही. ए-फोरचं क्षेत्रफळ जवळपास ६२४ चौ. सेंमी. चौकट काठोकाठ भरली की साच्यावर सुमारे १.५६ लिटर पाणी येतं. टबात दर लिटरला ६ ग्रॅम कोरडा लगदा असेल तर साच्यावर साधारण ९.४ ग्रॅम उरतो, म्हणजे १५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) कागद. ४० लिटरच्या टबाला त्यामुळे २४० ग्रॅम कागद लागतो, मिक्सरची १२ भांडी. पातळ कागद हवा तर लगदा कमी करा, जाड हवा तर वाढवा, चौकट तीच राहू द्या.

कागद उचलला की पाणी टबात परत गळतं, लगदा मात्र साच्यावर जातो. म्हणजे दर कागदाला टब पातळ होत जातो. २० ग्रॅमचं एक भांडं दोन कागदांना पुरतं, तेव्हा दर दोन कागदांनंतर एक भांडं घाला. इथे नवशिक्यांची नेहमीची चूक होते: प्रत्येक भांड्याला नळाचं नवं पाणी घेतलं जातं आणि टब भरून वाहतो. पाणी टबातूनच काढून मिक्सरमध्ये घ्या. पाण्याची पातळी जाग्यावर राहते आणि पाणीही वाचतं.

वजनाची खात्री करायला कागद वाळल्यावर त्यातला १० × १० सेंमीचा तुकडा कापून ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. आकड्याला १०० ने गुणलं की जीएसएम. १.५ ग्रॅम भरला तर १५०. पहिल्या दिवशी दर पाचव्या कागदाला हे केलं की हात बसतो. खोक्याची ऑर्डर देणाऱ्याला आज १३० आणि उद्या १८० चा कागद चालत नाही.

उचलणं आणि उतरवणं

टब हाताने तळापासून ढवळा, कारण लगदा मिनिटाभरात खाली बसतो. साचा तिरका पाण्यात घाला, आत आडवा करा आणि सरळ वर उचला. पाणी जाळीवर असतानाच एकदा डावी-उजवी, एकदा पुढे-मागे हलकी हालचाल द्या, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. हे सगळं दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं. पृष्ठभागावरची पाण्याची चमक गेली की साचा हलवायचा नाही. त्यानंतर हलला तर कागदात बारीक चिरा पडतात, ज्या ओल्यात दिसत नाहीत आणि वाळल्यावर उघड होतात. वरची चौकट काढताना तिच्यावरचा थेंब कागदावर पडला तर तिथे पातळ गोल डाग राहतो. चौकट एका झटक्यात सरळ वर उचलावी.

कागद उतरवण्यासाठी खाली जुनं ब्लँकेट आणि त्यावर मांजरपाट पसरा, दोन्ही ओले करून पिळलेले. कोरड्या कापडावर कागद साच्यालाच चिकटून राहतो. साच्याची लांब कड कापडावर टेकवा आणि साचा दाबत, लोळवत दुसऱ्या कडेला न्या. मधे थांबू नका. कागद साच्यावर राहिला तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: तो फारच ओला आहे. १५-२० सेकंद निथळू द्या आणि पुन्हा करा.

खोक्यासाठी ३०० जीएसएमचा एकच कागद उचलायला जाऊ नका. इतका जाड थर सारखा बसत नाही आणि निथळायलाही वेळ खातो. १५० जीएसएमचा कागद उतरवून त्याच्याच वर दुसरा १५० चा उतरवा. दाबात दोन्ही एकजीव होतात, गोंद लागत नाही. आत तपकिरी आणि बाहेर पांढरा असा दुरंगी कागदही याच रीतीने होतो. मात्र दोन थरांचा लगदा अगदी वेगळा असला तर एक थर जास्त आकसतो आणि कागद होडीसारखा वळतो. म्हणून पांढऱ्या थरातही थोडा पुठ्ठा असावा, रंग जरा मळकट झाला तरी चालेल.

दोन थर जुळवताना कडा तंतोतंत जुळायला हव्यात. ब्लँकेटखालच्या फळीला दोन बाजूंनी पट्ट्या ठोका आणि साचा दर वेळी त्यांना टेकवूनच उतरवा.

दाब

सगळ्यात जास्त लोक कंटाळा करतात तो इथे. विटा ठेवल्या, वर उभे राहिलो, झालं. तेवढ्याने पाणी निघतं पण तंतू एकमेकांना घट्ट धरत नाहीत. कागद पुठ्ठ्यासारखा फुगीर होतो आणि त्याच्या पृष्ठभागावरून पिंजलेल्या कापसासारखं बारीक काहीतरी निघत राहतं.

गावातल्या फॅब्रिकेटरकडून ७५ मिमी सी-चॅनलची (इंग्रजी C च्या आकाराच्या जाड लोखंडी पट्टीची) चौकट वेल्ड करून घ्या आणि तिच्यात गाडी उचलायचा ५ टनांचा बॉटल जॅक बसवा. ए-फोरच्या थप्पीवर तो दर चौ. सेंमीला ८ किलोच्या आसपास दाब देतो. चौकट बारीक अँगलची केली तर ती उघडते, आणि ताणलेलं लोखंड सुटलं तर जीवावर बेततं. दाब देताना चौकटीच्या समोर उभं राहू नये.

थप्पी अशी लावायची: १८ मिमीची मरीन प्लायची फळी, ब्लँकेट, मग मांजरपाट आणि कागद आळीपाळीने २०-२५ कागदांपर्यंत, पुन्हा ब्लँकेट आणि वर दुसरी फळी. पहिली पाच मिनिटं हळूहळू, पाणी पातळ धारेत येईल इतकाच दाब. घाईने दाबलं तर पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, ते लगद्यालाच ढकलतं आणि कागदाच्या कडा फुटतात. मग जॅक पूर्ण आवळून २०-३० मिनिटं तसंच ठेवा. पाणी गळायचं थांबलं तरी पुन्हा आवळलं की आणखी निघतं.

वाळवणं, खळ, घोटणं

दाबलेला कागद कापडासकट दोरीवर सावलीत टांगा. कडक उन्हात वरची बाजू आधी आकसते आणि कागद कुरळा होतो. खोक्याला सपाट कागद हवा, म्हणून कापड सोडवून तो ओला असतानाच सनमायकाच्या फळीवर किंवा काचेवर ब्रशने चिकटवला तर उत्तम. वाळला की आपोआप सुटतो आणि फळीकडची बाजू गुळगुळीत येते. उन्हाळ्यात हे काम दिवसाभरात होतं. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, दोन-तीन दिवस लागतात. पंखा लावा. ४८ तासांनी कागद हाताला गार लागत असेल तर तो आत ओला आहे, थप्पी लावली तर बुरशी येणारच.

वाळलेला कच्चा कागद शाई शोषतो आणि पसरवतो. टबातच स्टार्च घालावा असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण त्यातला बराचसा पाण्यातच राहतो आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी आंबतं. त्यापेक्षा वाळलेल्या कागदावर खळ लावा: १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर शिजवून, कोमट असताना रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना. पुन्हा वाळवा. जुन्या पद्धतीत राळेचा साबण आणि तुरटी लगद्यात घालत. ऑफिसच्या कागदाला ती पद्धत जुळत नाही, कारण त्यात भरतीला कॅल्शियम कार्बोनेट असतं. तुरटीच्या आम्लतेशी त्याची क्रिया होऊन वायू सुटतो, टबावर फेस येतो आणि कागदात सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

शेवटी घोटणं. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात आणि जुन्नरला जुन्या काळी बनणारा कागद गुळगुळीत दगडाने घोटला जाई. आजही स्टीलच्या वाटीच्या पाठीने किंवा गुळगुळीत गारगोटीने हे जमतं. मोठ्या कामाला दोन पत्र्यांमध्ये कागद ठेवून रोलरमधून काढतात. खोक्याची बाहेरची बाजूच घोटा, आतली खरबरीत राहिली तर चिकटवायची खळ चांगली धरते.

साबणाची पट्टी

८ × ५.५ × २.५ सेंमीच्या साबणाची गुंडाळपट्टी घेऊ. घेर २ × (५.५ + २.५) = १६ सेंमी. ३०० जीएसएमचा हातकागद सुमारे अर्धा मिमी जाड असतो, दर घडीला तेवढं माप खाल्लं जातं. चार घड्यांचे २ मिमी आणि साबण सरकायला आणखी २ मिमी धरले की १६.४ सेंमी. चिकटवायला १.५ सेंमी. म्हणजे पट्टी १८ × ८ सेंमी. एका ए-फोरमध्ये २९.७ च्या बाजूला अशा तीन बसतात आणि उरलेल्या ५.७ सेंमीच्या पट्टीत टॅग निघतात.

घडी घालण्याआधी धातूच्या पट्टीच्या आधाराने रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या. न दाबता मुडपलं तर बाहेरचा थर तुटतो. रेघेची खोलगट बाजू घडीच्या आत नाही, बाहेर येऊ द्या. चिकटवायला मैद्याची खळ: १ भाग मैदा, ५ भाग पाणी, पारदर्शक होईपर्यंत शिजवून त्यात चिमूटभर तुरटी. फेविकॉल पटकन धरतो, पण पुढे हा खोका कोणी पुन्हा लगद्यात घातला तर त्याच्या चिकट गुठळ्या होतात. पारदर्शक खिडकी किंवा लॅमिनेशन मागणाऱ्या गिऱ्हाईकाला नाही म्हणावं, मग तो रीसायकल होणारा माल राहत नाही.

१ किलो रद्दीतून १५० जीएसएमचे ८५-९० कागद निघतात. ऑफिसच्या कागदातली भरती धुऊन जाते, काही कागद फाटतात. दुहेरी केले तर ४२-४५, म्हणजे साधारण १२५ ते १३५ पट्ट्या.

अन्नाला लावू नका

लाडू, चिवडा, फरसाण यांना हा कागद थेट लागू देऊ नये. रद्दीतल्या छपाईच्या शाईतले खनिज तेल आणि इतर घटक तेलकट पदार्थात उतरतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला आणि साठवायला मनाई आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदी आल्यावर मिठाईवाल्यांकडून कागदी पर्यायांना मागणी वाढली, त्यामुळे ही ऑर्डर समोर येईलच. आत अन्नासाठीच्या योग्य दर्जाचा बटरपेपर आणि बाहेर आपला खोका, एवढं सांगता येतं. लेबलवर 'फूड ग्रेड' छापू नये.

बियांच्या कागदाची मागणीही येते. राजगिरा किंवा झेंडूचं बी ओल्या कागदावर दाबानंतर भुरभुरवा, त्यावर पातळ थर उतरवा आणि हलकाच दाब द्या, जॅक नको. २४ तासांत वाळला पाहिजे, नाहीतर बी कागदातच रुजतं. सब्जा टाळा, पाण्यात तो फुगून बुळबुळीत होतो. या कागदाचे टॅग करावेत, खोके नव्हेत, कारण दाब न मिळालेला कागद वजन झेलत नाही.

उरलेला लगदा मोरीत ओतू नका, पाइप हमखास तुंबतो. कापडात पिळून गोळे करा आणि कडक वाळवा, पुढच्या वेळी भिजवून वापरता येतात. टबातलं पाणी गाळून तीन दिवस चालतं, उन्हाळ्यात दोन. तयार कागद पावसाळ्यात जमिनीपासून वर, भिंतीला न टेकता, चुन्याची पुरचुंडी ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. पट्ट्या खळीने चिकटवण्याचं काम माल पाठवायच्या आदल्या आठवड्यात करा, म्हणजे कसरीला फार दिवस मिळत नाहीत.